सात महिने चागा प्यायलो, त्याचा हिशेब

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्यात जी रिपरिप लागली होती, तिच्यात माझी सर्दी महिनाभर हटेना. ऑफिसातल्या एकाने चागा नावाच्या औषधी अळंबीचं नाव काढलं. आमच्या घरी औषधी अळंबी म्हणजे फणसांबा. तान्ह्या बाळाची लाळ फार गळायला लागली की आजी फणसाच्या खोडावरचं ते अळंबं सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायची. त्यामुळे चागाला मी पटकन राजी झालो.

चागा थंड मुलखातला. सायबेरियात, उत्तर युरोपात, कॅनडात बर्चच्या खोडातून फुटतो. वरून जळक्या कोळशाचा गठ्ठा, फोडला की आत गंजाचा रंग. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद; भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या हस्तलिखितांपैकी एक भूर्जपत्रावरच आहे. (याचा माझ्या सर्दीशी संबंध नाही, पण लॉ कॉलेज रस्त्याने जाताना आठवतं.) सायबेरियातले खांती लोक पोटाच्या तक्रारींवर याचा काढा पीत. सोव्हिएत काळात तर अर्क ‘बेफुंगीन’ नावाने औषध म्हणून विकला जायचा.

पहिली खरेदी फसली. ऑनलाइन घेतलेली पावडर कोको घातलेल्या दुधाच्या रंगाची निघाली. नववीतली लेक म्हणाली, ‘बाबा, स्टार्च बघू का?’ चिमूटभर पाण्यात कालवून तिने टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला आणि पाणी निळं-काळं झालं. म्हणजे धान्यावर वाढवलेली बुरशी धान्यासकट दळून दिली होती. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. मग दुसरीकडून अख्खे तुकडे मागवले. पावडर घेऊच नका, तुकडे निदान डोळ्यांना दिसतात.

लिटरभर पाण्यात पाच-सहा ग्रॅमचा तुकडा, मंद आचेवर तासभर, उकळी फुटू न देता. तोच तुकडा तीनदा चालतो. रंग कोऱ्या चहाचा, चव कडू अजिबात नाही. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, ‘भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पावसात उभं राहिल्यासारखं वाटतं.’ मला ती चव आवडायला लागली होती.

फायदा? संध्याकाळचे दोन चहा सुटले आणि झोप सुधारली. श्रेय चागाला द्यायचं की चहा न पिण्याला, तुम्हीच ठरवा. सर्दी हिवाळ्यात पुन्हा दोनदा झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ होती, ६.० झाली, तेवढ्या काळात मी रोज तळजाईही चढत होतो. प्रतिकारशक्ती, साखर, कर्करोग यांबद्दल जे छापलं जातं, ते बहुतेक पेशी आणि उंदरांवरच्या प्रयोगांतलं आहे. माणसांवर मोठ्या, नीट चाचण्या झालेल्या नाहीत. सात महिन्यांत मला तरी त्यातलं काही जाणवलं नाही.

थांबलो ते वेगळ्याच कारणाने. २०१९ साली मला मुतखडा झाला होता, ऑक्सलेटचा. मार्चमध्ये फॅमिली डॉक्टरांना सहज सांगितलं, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘पालक सोडलात आणि हे पिताय?’ चागात ऑक्सलेट भरपूर असतं. जपानमधल्या ७२ वर्षांच्या एका बाईंची नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली आहे: रोज चार-पाच चमचे पावडर, सहा महिने, आणि मूत्रपिंडं इतकी बिघडली की डायलिसिस करावं लागलं. माझं प्रमाण त्याच्या जवळपासही नव्हतं, तरी त्या रात्री मी दोन तांबे पाणी जास्त प्यायलो. सोनोग्राफी स्वच्छ निघाली.

पाकिटावर याबद्दल एक ओळ नव्हती. ‘नैसर्गिक’ मात्र तीनदा.

पन्नासेक ग्रॅम तुकडे अजून बरणीत आहेत. मेव्हणे मागत होते. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात आणि तिच्याबरोबर चागा चालत नाही, म्हणून दिले नाहीत. रागावलेत थोडे. मी सध्या कुळथाच्या कढणावर आहे.