‘लिस्टमध्ये नाव टाकून देतो’: लाँचचे पास विकणाऱ्यांचा माझा अनुभव

नवीन फोन, गाडी, गेमिंग कन्सोल असं काही बाजारात येणार असलं की आधी एक सोहळा होतो. स्टेज, दिवे, पुढच्या रांगांत पत्रकार, मागे डीलर आणि व्हिडिओवाले, आणि दारावर ‘फक्त निमंत्रितांसाठी’ अशी पाटी. त्या पाटीच्या पलीकडे जायची खाज असणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे आणि मी त्यातलाच. फोनवर हौसेखातर व्हिडिओ करतो. बघणारे थोडे, पण नवी वस्तू सगळ्यांच्या आधी हाताळायची हाव मोठी. ती हाव हेरून एकाने माझ्याकडून पैसे काढले, आणि त्याहून वाईट म्हणजे माझं ओळखपत्र काढून घेतलं. त्याची पद्धत इथे सविस्तर लिहितोय, कारण कार्यक्रम बदलले तरी ती बदलत नाही.

अशा घुसखोरांचे मेसेजिंग ग्रुप असतात. तिथे आत शिरण्याच्या गप्पा रंगतात. कोणी ट्रायपॉड खांद्यावर टाकून कॅमेरावाल्यांच्या घोळक्यातून गेलेला असतो, कोणी जेवण आणणाऱ्यांच्या मागून, कोणी लवकर बाहेर पडणाऱ्याच्या गळ्यातला बॅज मागून घेऊन. एक सल्ला तर ठरलेलाच: फोन कानाला, कपाळावर आठी, चाल भरभर, वैतागलेल्या माणसाला कोणी अडवत नाही म्हणे. यातल्या निम्म्या थापा असाव्यात. पण थापांना वजन आणायला एक खरा किस्सा हमखास निघतो. २४ नोव्हेंबर २००९ ला व्हाइट हाउसमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. तारेक आणि मिशेल सलाही हे जोडपं निमंत्रण नसताना आत गेलं आणि ओबामांशी हस्तांदोलन करून आलं. पहिल्या तपासणी नाक्यावर यादीत नाव आहे की नाही हे नीट पाहिलंच गेलं नव्हतं. किस्सा इथेच थांबवतात. पुढे अमेरिकी संसदेच्या समितीने त्यांना समन्स काढलं आणि तिथे दोघांनी प्रत्येक प्रश्नाला ‘उत्तर न देण्याचा हक्क’ पुढे केला, हे ग्रुपवर कोणी सांगत नाही.

असल्या गप्पा रोज वाचल्या की मन आपोआप तयार होतं. नियम म्हणजे अडथळा, आणि दार उघडून देणारा आपला माणूस, असं वाटायला लागतं. दार उघडून देणारा नेमका त्याच वेळी येतो.

मला खासगी मेसेज आला तो असा: ‘सर, मागच्या दाराने कशाला जाताय? लिस्टमध्येच नाव टाकून देतो.’ त्याचं म्हणणं, तो कार्यक्रम भरवणाऱ्या एजन्सीत आहे. बोलावलेले सगळे येत नाहीत, रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात वाईट दिसतात, म्हणून ऐनवेळी बाहेरची माणसं भरावी लागतात. हे निम्मं खरं असतं. आयोजक येणाऱ्यांपेक्षा जास्त लोकांना निमंत्रणं पाठवतात, गळती धरूनच चालतात. निम्मं खरं असतं म्हणूनच उरलेलं निम्मं घशाखाली उतरतं.

पैसे पासचे नाहीत, डिपॉझिट आहे, असं त्याने पहिल्यांदाच स्पष्ट केलं होतं. तुम्ही खरंच आलात की परत. ते दिल्यावर विचारणा झाली, मीडिया बॅज हवा का? त्यावर वस्तू हाताळायच्या दालनात आधी सोडतात. त्याचे वेगळे. मग सिक्युरिटी व्हेरिफिकेशनचे. दर वेळी रक्कम आधीपेक्षा लहान. मोठी रक्कम गुंतलेली असताना लहान रकमेसाठी कोण मागे फिरतो? ‘लिस्ट आज संध्याकाळी क्लोज होतेय सर’ हे वाक्यही दर वेळी होतंच. पैसे ज्या खात्यांत गेले ती प्रत्येक वेळी वेगळ्या नावाची होती. अकाउंटवाल्या मित्राचं खातं आहे, असं उत्तर तयार होतं.

मग ओळखपत्र. बॅजवर फोटो लागतो, म्हणाला. मी जरा कां-कूं केली तर त्याने आधी स्वतःचं पाठवून दिलं. चौकडीच्या कापडावर ठेवून काढलेला फोटो, कडेला अंगठ्याचं टोक आलेलं. नाव, चेहरा, जन्मतारीख, सगळं स्वच्छ. स्वतःचं ओळखपत्र आपण होऊन दाखवणारा माणूस लबाड असेल असं कोणाला वाटेल? मी माझं कीबोर्डवर ठेवलं, फोटो काढला, पाठवला. वर त्याच्या सांगण्यावरून ओळखपत्र हनुवटीशी धरून सेल्फीही. त्या वेळी मला तो पैशांपुढचा किरकोळ कागदी सोपस्कार वाटला. प्रत्यक्षात या सगळ्या व्यवहारात त्याला मिळालेली सगळ्यात किमती वस्तू तीच होती.

पास मेलने आला. पाठवणाऱ्याच्या जागी कार्यक्रमाचं नाव. मोबाइलवर मेल उघडला की बहुतेक वेळा नुसतं नाव दिसतं, खरा पत्ता बघायला त्या नावावर बोट लावावं लागतं. लावल्यावर निघतो कुठला तरी फुकटचा मेल आयडी, नाहीतर कंपनीच्या नावात मध्येच एक आडवी रेघ घुसडलेला पत्ता. पासवर लोगो, गेट क्रमांक, सीट, आणि क्यूआर कोड. तो कोड मी दुसऱ्या फोनने स्कॅन केला. माझं नाव, त्यापुढे ‘मीडिया’, आणि सीट क्रमांक आला. उरलीसुरली शंका फिटली.

इथे जरा थांबतो, कारण मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते सगळे याच जागी मान डोलावतात. १९९४ साली डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला क्यूआर कोड काढला. त्यात जो मजकूर भराल तो दिसतो. माझं नाव भरलं तर माझं नाव, पंतप्रधानांचं भरलं तर त्यांचं. फुकटच्या साइटवर असा कोड काही सेकंदांत बनतो. खऱ्या पासच्या कोडमध्ये सहसा अक्षरं-आकड्यांची एक निरर्थक माळ असते, जी आपल्या फोनला काहीच सांगत नाही. दारावरचं यंत्र ती माळ आयोजकांच्या यादीशी ताडून बघतं: नोंद आहे का, आणि या नोंदीवर आधी कोणी आत गेलंय का. म्हणजे पासचा खरेपणा कोडमध्ये नसतो, यादीत असतो. घरी बसून कोड स्कॅन केल्याने काहीही सिद्ध होत नाही. उलट कोडमधून तुमचं नाव सुबकपणे बाहेर आलं तर जास्त सावध व्हावं.

याचाच एक धाकटा भाऊ म्हणजे खऱ्या पासची नक्कल. एकच खरा पास स्क्रीनशॉट काढून अनेकांना विकतात. पहिला पोहोचतो त्याला आत सोडतात, बाकीच्यांना ‘ऑलरेडी स्कॅन्ड’. यात पहिला माणूस ग्रुपवर येऊन विक्रेत्याचे गोडवे गातो, आणि तो खोटं बोलत नसतो, हे वाईट.

दारावर काय झालं ते थोडक्यात सांगतो. टेबलामागच्या मुलीने कोड स्कॅन केला, पडदा लाल झाला. तिने नाव टाइप करून पाहिलं, मग वेगळ्या स्पेलिंगने पाहिलं, मग नोंदणीचा मेल आयडी विचारला. तेवढ्यात वॉकीटॉकीवाला एक जण आला, पास पाहिला आणि तिला एवढंच म्हणाला, ‘अजून एक.’ माझ्या पासचा फोटो घेतला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, मागे रांग होती. मी त्या माणसाला फोन लावला. उचलला नाही, पण लगेच मेसेज आला: ‘सर, तुम्ही चुकीच्या गेटवर आहात. गेट तीनला या, मी माणूस पाठवतो.’ इमारतीला वळसा घालून गेलो तर गेट तीन म्हणजे सामान उतरवायची जागा, एक ट्रक आणि रिकामी खोकी. तिथे माझ्यासारखेच गळ्यात काही नसलेले दोघं-तिघं फोनकडे बघत उभे होते. एकमेकांना कोणी काही विचारलं नाही. मी परत मेसेज करेपर्यंत त्याने मला ब्लॉक केलं होतं.

या धंद्याचं खरं भांडवल तेच न विचारणं आहे. साध्या खरेदीत फसलेला माणूस आरडाओरडा करतो. इथे गिऱ्हाईक मुळातच चोरपावलांनी आलेलं, ते दारात काय बोलणार? आयोजकांना सांगावं तर आपणच आगंतुक. तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘निमंत्रण होतं ना ते? मग विकत कसं घेतलंत?’ प्रश्न बिनतोड आहे. तरी तक्रार द्या. आपला बेत सरळ नव्हता म्हणून त्याची लबाडी माफ होत नाही, आणि बँकेला कळवायला जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

आणि हे फक्त माझ्यासारख्या हौशा-नवशांच्या वाट्याला येतं असंही नाही. बहामाजमधल्या २०१७ च्या फायर फेस्टिव्हल या संगीत महोत्सवाच्या फसवणुकीत अडकलेल्या बिली मॅकफार्लंडने जामिनावर बाहेर असतानाच दुसरा उद्योग सुरू केला. मेट गाला हा न्यूयॉर्कमधला फॅशनचा सोहळा, ग्रॅमी हे संगीताचे पुरस्कार, अशा कार्यक्रमांची तिकिटं विकायची, जी त्याच्याकडे नव्हतीच. मेट गालाला तर नुसते पैसे असून चालत नाही, पाहुण्यांची यादी मंजूर व्हावी लागते. तरी लोकांनी मिळून एक लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली. दोघं जण ग्रॅमीसाठी फ्लोरिडाहून न्यूयॉर्कला विमानाने गेले आणि दारातून परत आले. त्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. जामिनावर असलेला, जगभर बदनाम झालेला माणूस हे विकू शकतो, यावरून ‘आत सोडतो’ या दोन शब्दांची ताकद कळावी.

आता ओळखपत्राचं. पैसे गेले ते गेले म्हणून मी विषय मिटवला होता. मग एका अनोळखी बाईंचा फोन आला.

‘अहो, तुम्ही पास पाठवणार होतात ना? माझे पैसे तरी परत करा.’

मी म्हटलं, ताई, नंबर चुकलाय.

‘चुकला कसा? तुमचं ओळखपत्र आहे माझ्याकडे. नाव शोधून तुमचे व्हिडिओ काढले, त्यावरून नंबर मिळवला. चेहरा तोच आहे.’

त्यांनी फोटो पाठवला. माझं ओळखपत्र, आणि त्याच्या कडेने माझ्या कीबोर्डची खालची रांग. स्पेसबारवरचा ओरखडासुद्धा. त्यांनाही एका नव्या लाँचचा पास देतो म्हणून सांगितलं होतं, आणि कां-कूं केल्यावर ‘हे घ्या माझं ओळखपत्र’ म्हणून माझं पाठवलं होतं. चौकडीच्या कापडावरचा तो माणूसही तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आला. तोही कुठे तरी असाच पासची वाट बघत बसला असणार. मी कित्येक दिवस त्याला शिव्या घालत होतो.

बाई सहजासहजी मानायला तयार नव्हत्या, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही मानलं नसतं. शेवटी माझ्या तक्रारीची पोच आणि त्या माणसाशी झालेले सगळे मेसेज पाठवले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. दोघांना आलेले मेसेज शेजारी ठेवले तर शब्द न् शब्द तोच. ‘रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात वाईट दिसतात’ हेही होतं. मग त्यांच्या तक्रारीत त्यांनी माझी कागदपत्रं जोडली, माझ्यात मी त्यांची.

ज्यांना अजूनही जायचंच आहे त्यांच्यासाठी. लाँचचं निमंत्रण कंपनी फुकट देते, खर्च तीच करते. त्यामुळे त्यावर कोणतीही किंमत दिसली, डिपॉझिट म्हणून का होईना, की विषय तिथेच संपवा. पैसे भरून जायचे कार्यक्रम वेगळे, आणि त्यांचीही तिकिटं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत असं बऱ्याचदा असतं. अॅपलच्या डेव्हलपर परिषदेची तिकिटं २०१३ मध्ये साधारण दोन मिनिटांत संपली, पुढच्या वर्षापासून त्यांनी सोडत काढायला सुरुवात केली. ती तिकिटंही हस्तांतरित होत नव्हती. लास व्हेगासचं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्रदर्शन सर्वसामान्यांसाठी खुलं नसतं, पण त्या व्यवसायातले लोक रीतसर नोंदणी करून जातात. छोट्या व्हिडिओवाल्यांनाही कंपनीच्या माध्यम विभागाला थेट मेल टाकता येतो. बहुतेकदा नकार येतो किंवा काहीच येत नाही, पण त्याला पैसे पडत नाहीत. पास हातात आला असेल तर पासवरच्या नाही, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच्या पत्त्यावर विचारा, या नावाची नोंद आहे का. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. नंतर विचारलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं होतं.

ओळखपत्राची प्रत कोणालाही द्यायची वेळ आली तर तिच्यावर आडवं, अक्षरांवरून जाईल असं, कोणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहून मगच द्या. विकणाऱ्याने पाठवलेलं ओळखपत्र म्हणजे त्याची ओळख नव्हे. व्हिडिओ कॉलवर या म्हणा. माझ्या माणसाचा कॅमेरा कायम बिघडलेला असायचा.

अलीकडे मला आणि त्या बाईंना, दोघांनाही, एकाच नंबरवरून मेसेज आला आहे. बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फाइल फी लागेल. सोबत विश्वासासाठी कोणा एकाचं ओळखपत्र. त्या ओळखपत्रावरचं नाव शोधून आम्ही त्या माणसाला कळवलं आहे.