कोयत्याची मूठ: दीड वर्षाचा अनुभव, आणि ती बादली

पातं उडालं तेव्हा पुतणी चार हातांवर उभी होती. शहाळं तासत होतो. तिसऱ्या घावाला हातात नुसती मूठ राहिली आणि पातं पायरीवर खणकन आपटलं. कोणाला लागलं नाही, पण तेव्हापासून मुठीचा विषय डोक्यातून जात नाही.

कोयता गेल्या वर्षी जूनमध्ये घेतला, साडेसहाशेला. शिसवी मूठ म्हणून दीडशे जास्त मोजले. पात्याबद्दल तक्रार नाही, धार छान टिकते. पावसाळाभर मूठही घट्ट होती. दिवाळीनंतर हवा सुकली आणि पातं कडीपाशी खुळखुळायला लागलं. सगळे सांगतात तेच केलं: रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. सकाळी एकदम घट्ट, आठवड्यात पुन्हा ढिला. असं चार वेळा केलं.

कृपा करून हे करू नका. लाकूड पाणी पिऊन फुगतं, पण बाहेर लोखंडी कडी आणि आत पात्याचं शेपूट, फुगायला जागा कुठे आहे? आतले तंतू चेपतात. वाळल्यावर ते पहिल्यापेक्षाही आक्रसतात, म्हणजे दर भिजवणीला भोक थोडं मोठंच होतं. मूठ उभी चिरून पाहिली, तर भोकाच्या कडेचं लाकूड दाबून दाबून चकचकीत झालं होतं.

तोवर मी शिसवीलाच दोष देत होतो. तो मागे घेतो. शिसवीचा गाभा जांभळट काळा असतो. माझ्या मुठीत वरचा रंग खरवडल्यावर अर्धं लाकूड पिवळट निघालं, म्हणजे सालीलगतचं, कच्चं. दीडशे रुपये गेले ते रंगाला. विकणाऱ्याने फोनवर ‘लाकूड आहे, हलणारच’ एवढंच ऐकवलं.

एकाने सांबरशिंग सुचवलं होतं. अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे, आणि रानात गळून पडलेलं शिंगसुद्धा घरी आणता येत नाही.

मे महिन्यात गावच्या लोहाराकडून बाभळीची मूठ घालून घेतली. वर्षभर सावलीत वाळलेला गाभ्याचा तुकडा, शिरा मुठीच्या लांबीला सरळ. गाडीची चाकं बाभळीची का करायचे ते नारळ फोडताना कळतं, झटका हातापर्यंत येतच नाही. भोकात लाखेचा चुरा भरून तापवलेलं शेपूट दाबून बसवलं. तलवारींच्या मुठीही लाखेनेच बसवत. टोक मागून बाहेर काढून वळवलं. फक्त कोयता चुलीजवळ ठेवू नका, लाख मऊ पडते.

वरून जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, मध्ये दोन-दोन दिवस वाळवून. खोबरेल लावू नका, ते वाळत नाही आणि मूठ निसरडी होते. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

मूठ, लाख आणि मजुरी धरून दोनशे वीस झाले. पावसाळा गेला, आता डिसेंबर चालू आहे. आज सकाळीच कडीपाशी नख घालून पाहिलं, शिरलं नाही.