पर्वती ते केसरीवाडा, काँग्रेस अध्यक्षांवरचा हेरिटेज वॉक

रविवारी सकाळी सातला काकांना घेऊन हा वॉक केला, माणशी ३५० रुपये, तीन तास, आणि पैसे वसूल झाले हे आधीच सांगते. सुरुवात पर्वतीच्या पायथ्याशी. कारण काय, तर १८८५ चं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन खरं पुण्यात व्हायचं होतं, पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत, पण ऐन वेळी पुण्यात कॉलरा पसरला आणि सगळं मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात हलवलं. ७२ प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. पुण्याची पाळी आली ती थेट १८९५ ला. मी जन्मापासून इथे राहते आणि मला हे माहीत नव्हतं!

गाइड पंचविशीतला मुलगा, पण तयारी जबरदस्त. तेव्हा अध्यक्ष वर्षापुरता असायचा, अधिवेशन चालवायचं आणि आपल्या कामाला लागायचं, गांधीजीसुद्धा एकदाच अध्यक्ष झाले, १९२४ ला बेळगावात, तरी पक्ष त्यांच्याच शब्दावर चालायचा हे त्याने फार छान उलगडलं. सुभाषबाबू १९३९ ला १५८० विरुद्ध १३७७ मतांनी निवडून आले आणि काही महिन्यांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला, तिथे आमचा सगळा ग्रुप एकदम गप्प झाला. तिथून सोनिया गांधींची सलग १९ वर्षं आणि २०२२ ची खर्गे-थरूर लढत मात्र चालता चालता उरकली, तिला जरा वेळ द्यायला हवा होता.

खरी तक्रार केसरीवाड्यात. हातात दिलेल्या कागदावर छापलंय की टिळकांना अध्यक्षपद कधी मिळालंच नाही. काका तिथल्या तिथे म्हणाले, "अरे बाळा, १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी निवड झाली होती त्यांची, पण चिरोल या इंग्रज पत्रकारावर त्यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते विलायतेला गेले म्हणून मालवीय अध्यक्ष झाले." अध्यक्ष म्हणून ते बसले नाहीत हे खरं, पण निवडच झाली नाही असं पुण्यात, तेही त्यांच्याच वाड्यात छापून वाटायचं म्हणजे मला खरंच वाईट वाटलं. मुलाने मात्र हुज्जत घातली नाही, लगेच पेन काढून स्वतःच्या कागदावर १९१८ लिहून घेतलं आणि काकांना अजून दोन प्रश्न विचारले.

चार स्टार. पाण्याची बाटली घरून न्या, वाटेत कुठेच थांबत नाहीत, आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्याला आधी सांगा, तो चाल कमी करतो.