जिप्सीचं किंगपिन: जुना ॲक्सल आणून टाकायचा की आपलाच उघडायचा?

व्हील बॅलन्सिंग झालं, टायर पुढचे मागे करून झाले, स्टेअरिंग डँपर पण नवा टाकला, तरी साठच्या आसपास पुलाच्या जॉइंटवरून गाडी गेली की स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फडफडायला लागतं आणि स्पीड पार उतरवल्याशिवाय शांत होत नाही, इथपर्यंत जे आलेत त्यांच्यासाठी लिहितोय. माझी जिप्सी किंग आहे, ९८ ची, पण जुन्या ४१० (किंगच्या आधीची जिप्सी) वाल्यांना पण यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी एवढी खात्री करून घ्या. चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा होता, किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर डावीउजवीकडे वळतं तिला, उगाच हात लावू नका. ब्रेक दाबूनही राहिला तर मात्र किंगपिन बेअरिंग गेलंय असं धरून चाला.

मग दोन रस्ते. एक म्हणजे जुन्या स्पेअरवाल्याकडून अख्खा पुढचा ॲक्सल उचलायचा आणि खाली टाकायचा. दुसरा म्हणजे आपलाच उघडून चारही बेअरिंग, सील, शिम (पिनखाली घालायच्या पातळ चकत्या) सगळं नव्याने बांधायचं. मी दोन्ही केलंय, आणि आधी पहिलं केलं कारण गाडी रोज लागत होती.

ॲक्सल बदलणं खरंच सोपं आहे, त्याबद्दल वाद नाही. यू-बोल्ट, शॉक, ब्रेक होज, प्रोपेलर शाफ्ट, ड्रॅग लिंक, बस. सकाळी नऊला लागलो आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर होती. फक्त घेताना ट्रॅक, म्हणजे डाव्याउजव्या चाकांमधलं अंतर, बघा, नॅरो आणि वाइड वेगळे येतात, आणि डिफरन्शियलचा रेशो मागच्याशी जुळतोय ना ते दात मोजून बघा, नाहीतर फोर व्हीलमध्ये टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसची वाट लागते. माझा जुळला. फडफड पण गेली, पहिले दोन आठवडे मी खूश होतो.

मग मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वरला गेलो आणि तिथे कळलं. वळण संपलं की स्टेअरिंग आपणहून सरळ यायला पाहिजे ना, ते येईचना. प्रत्येक वळणानंतर हाताने ओढून सरळ करायचं. आणि सरळ रस्त्यावर उलटा ताप, मधोमध कुठेतरी अडकून बसायचं, जरा डावीकडे घ्यावं म्हणून जोर लावला की आधी काहीच नाही आणि मग एकदम जास्तच वळायचं, मग परत उजवीकडे, असं सारखं चालू. दोन तासांत खांदे भरून आले. बायको म्हणाली, अहो, गाडी सरळ का चालत नाहीये. या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, बाकी पैसे, वेळ वगैरे सगळं त्यानंतर.

तो आणलेला ॲक्सल उघडल्यावर कारण दिसलं. किंगपिन बेअरिंग कधी पूर्ण गोल फिरतच नाही, नुसतं थोडं इकडे थोडं तिकडे, आणि बहुतेक वेळ सरळ. म्हणजे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी बसून खड्ड्यांचे धक्के खातात आणि कपात, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेत, स्वतःसाठी जागा करून घेतात. खालचं बेअरिंग जास्त खराब होतं कारण आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं, माझ्याकडे तर ग्रीस चहाच्या रंगाचं झालेलं. कप डिझेलने धुऊन उजेडात धरला तर सारख्या अंतरावर उभ्या रेघा, नखाला लागत होत्या, आणि जुना कोन (रोलरसकट आतली रिंग) त्यात ठेवून फिरवला की टक करून परत त्याच रेघांत बसायचा. हाच टक मला घाटात स्टेअरिंगवर जाणवत होता. जुना ॲक्सल घेतला म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीने पाडलेल्या खाचा मी घरी आणल्या होत्या.

मग अंगणात ताडपत्रीखाली पडलेला माझा मूळचा ॲक्सल बांधायला घेतला. पहिल्या बाजूला शनिवार-रविवार दोन्ही गेले, दुसरी एका दिवसात झाली. चार बेअरिंग, सील आणि शिम मिळून जुन्या ॲक्सलच्या निम्म्याहून कमी पैसे लागले, अर्थात मजुरी माझीच होती.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. गॅरेजला दिलंत तर मिस्त्री बहुतेक म्हणणार की कप चांगलाय, नुसता कोन बदलू. कप हाउसिंगमध्ये (ॲक्सलच्या लोखंडी कवचात) घट्ट बसलेला असतो, काढायला वेळ जातो, म्हणून. हो म्हणू नका. खाच कपातच असते, नवा कोन घालून ती जात नाही. लांब पंचने आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोकत काढायचा आणि नवा बसवताना जुन्याच कपाचा आधार घेऊन ठोकायचा.

शिम वरच्या वर आणि खालच्या खाली, दोऱ्यात ओवून चिठ्ठी लावून ठेवा. शिम काढली की प्रीलोड (बेअरिंग किती आवळून बसलंय ते) वाढतो, घातली की कमी होतो. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकवाला ताणकाटा घ्या, सील लावायच्या आधी टायरॉडच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) भोकात अडकवा आणि हळूहळू ओढा, नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकाचा भाग, हलायला लागते तो आकडा बघायचा. माझा दीड किलोच्या आसपास बसवला, त्यासाठी पिन तीनदा उघडावी लागली. सैल राहिलं तर फडफड परत येते, घट्ट झालं तर तेच स्टेअरिंग परत न येण्याचं दुखणं. आणि एवढं उघडलंच आहे तर आतलं ॲक्सलचं ऑइल सील पण बदला, ते गळायला लागलं की गिअर ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं. फेल्ट आणि रबरी सील जिथे घासतं तो ॲक्सलच्या टोकाचा गोळा पॉलिश पेपरने साफ करा, गंजाचा खडबडीतपणा नवीन सीलला लगेच खातो.

जुना ॲक्सल चुकीचाच असं मी म्हणणार नाही. हाउसिंग वाकलं असेल, किंवा नवा कप ठोकायची गरजच न पडता बोटाने आत जात असेल, किंवा गोळ्यावर गंजाने खड्डे पडले असतील तर आपला बांधून काही मिळणार नाही, तेव्हा दुसरा आणावाच लागेल. पण माझी गाडी आता केळघरला वळण संपता संपता स्वतः सरळ येते, हात नुसते ठेवायचे. त्यामुळे हाउसिंग धड असेल तर माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल.

आणि आणायचाच झाला तर दुकानातच टायरॉड सोडवून घ्या आणि दोन्ही नकल एका बोटाने सावकाश फिरवून बघा. मधोमध आल्यावर टक लागला तर त्या ॲक्सलची बेअरिंग पण बदलायचीच आहेत असं धरून भाव करा.