बॅनकबर्नचा भालाईत, १/१० रेझिन बस्ट: मूर्ती झकास, रंगाचा कागद भंगार

आधीच सांगते, हे किट, म्हणजे सुटे भाग जोडून रंगवायची मूर्ती, मला कोणी फुकट पाठवलेलं नाही. स्वतःच्या पैशाने घेतलंय, किट ४,८०० चं आणि वर शिपिंग, कस्टम्स धरून साडेसहा हजाराच्या पुढे गेलं, त्यामुळे खाली जी चिरफाड केलीये ती करायचा मला हक्क आहे असं मी समजते. कंपनी युरोपातली छोटीशी आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे आणि तक्रार केल्यावर ते माणसासारखे वागले हेही आहे.

विषय स्कॉटलंडचा पायदळातला भालाईत, साल १३१४, म्हणजे स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या बॅनकबर्नच्या लढाईतला गडी. राजा नाही, सरदार नाही, इंग्रजांशी लढलेला प्रसिद्ध स्कॉटिश वीर वॉलेस तर नाहीच नाही, आणि खरं सांगू का, याच कारणासाठी मी घेतलं. वॉलेसचे बस्ट ढिगाने मिळतात आणि सगळे एकाच हिरोसारखे दिसतात.

पार्सल उघडलं तेव्हा सासूबाई शेजारी भाजी निवडत बसलेल्या. छाती, डोकं, टोप, मूठ, भाल्याचे दोन तुकडे, चौथरा, असे सात भाग टेबलावर मांडले तर म्हणाल्या, "अगं, याचे हात कुठं राहिले? परत पाठव." मग त्यांना समजावलं की हा अर्धपुतळा आहे, छातीपर्यंतच असतो. पटलं नाही, पण गप्प बसल्या.

टोपासकट उंची साधारण साडेसात सेंटीमीटर. रेझिन राखाडी, जुन्या पद्धतीचं सिलिकॉनच्या साच्यात ओतलेलं, थ्रीडी प्रिंट केलेलं नाही, म्हणून थरांच्या रेघा कुठेही नाहीत. चेहऱ्यावर एकदम खूश आहे मी. चाळिशीचा माणूस, नाक एकदा मोडून वाकडं बसलेलं, डोळे बारीक केलेले, तोंड मिटलेलं. बाकीच्या बस्टमधले योद्धे सतत दात काढून ओरडत असतात, हा नुसता समोर बघतोय. समोरून घोडेस्वार येताना भाल्यांच्या दाटीत उभा असलेला माणूस असाच दिसेल ना? त्या दाटीला शिल्ट्रन म्हणतात, खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं आणि चहूबाजूंनी बाहेर आलेले भाले. १२९८ ला फाल्कर्कला वॉलेसचे शिल्ट्रन एका जागी उभे राहिले आणि इंग्रज धनुर्धाऱ्यांनी लांबून त्यांची चाळण केली. १६ वर्षांनी बॅनकबर्नला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने तेच शिल्ट्रन चालत पुढे नेले आणि इंग्लंडचा राजा दुसऱ्या एडवर्डला पळवून लावलं.

आता कपडे. अंगात आहे तो अॅकटन, म्हणजे लिननच्या कापडाचे थर एकावर एक घालून, आत भरण भरून, उभ्या रेघांत टाके मारलेला जाड अंगरखा. हे शिल्प करणाऱ्याने अप्रतिम केलंय. माझं लक्ष चेहऱ्याकडेच होतं, पण सासूबाईंनी चष्मा चढवून बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर गोधडीचा टाका आहे की!" आणि खरंच तसंच आहे. टाका ओढला जातो तिथे कापड आत खेचलं जातं, दोन टाक्यांच्या मधे फुगतं, बारीक सुरकुत्या आडव्या येतात, ते सगळं कोरलंय. कॉलरपाशी एक शिवण उसवलीये आणि आतलं भरण डोकावतंय. बऱ्याच किटमध्ये हे चॉकलेटच्या वडीसारखे सरळसोट चौकोन करून मोकळे होतात.

डोक्याला कड्यांच्या जाळीचं कानटोपीसारखं चिलखत आणि वर रुंद काठाचा लोखंडी टोप, इंग्रजीत केटल हॅट म्हणतात, मला तर बांधकामावरचं उलटं घमेलं वाटतं. पण हे असंच असायचं. ब्रूसच्या १३१८ च्या कायद्यात कोणी काय बाळगायचं ते लिहून ठेवलंय. ज्याच्याकडे दहा पौंडांचा माल त्याने अॅकटन, बॅसिनेट हे शिरस्त्राण, लढाईचे हातमोजे, भाला, तलवार ठेवायची, आणि अॅकटन-बॅसिनेट नसेल त्याच्यासाठी लोखंडी टोपाचाही उल्लेख आहे. ज्याच्याकडे जेमतेम एका गायीच्या किमतीचा माल, त्याने निदान एक चांगला भाला किंवा धनुष्य आणि २४ बाण. म्हणजे आपला गडी खाऊनपिऊन सुखी शेतकरी दिसतोय. मग मूठ उघडी का केली हा माझा बारका आक्षेप, एवढं सगळं घालणाऱ्याकडे हातमोजे नसतील? असो, कायदा लढाईनंतर चार वर्षांनी आला, म्हणून सोडून दिलं.

आणि आता रंगाचा कागद, म्हणजे कुठे काय रंगवायचं ते सांगणारा किटमधला कागद. एवढा अभ्यास करून मूर्ती घडवणारा माणूस आणि हा कागद लिहिणारा माणूस एकमेकांना कधी भेटलेच नसणार. कागद म्हणतो, अर्धा चेहरा निळा रंगवा. अरे कशाला? निळ्या रंगाने अंग माखणाऱ्या ब्रिटन लोकांबद्दल ज्युलियस सीझरने लिहिलंय, ते बॅनकबर्नच्या जवळपास साडेतेराशे वर्षं आधी. पुढे म्हणतो, खांद्यावरच्या कापडावर कुळाचा टार्टन, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्या, काढा. चौकड्यांचं कापड स्कॉटलंडमध्ये फार जुनं आहे, फाल्कर्कलाच तिसऱ्या शतकातल्या नाण्यांच्या मडक्यात त्याचा तुकडा सापडलाय, पण अमक्या कुळाचा अमका टार्टन ही भानगड अठराव्या शतकाच्या शेवटाची आणि एकोणिसाव्याची. आणि डिकॅलच्या, म्हणजे मूर्तीवर चिकटवायच्या चित्रांच्या, कागदावर स्कॉटलंडचा संत सेंट अँड्र्यू याचा पांढरा क्रॉस आहे, छातीवर लावायला. तो सैनिकांनी पुढे-मागे लावावा असा हुकूम १३८५ चा आहे. चौथऱ्यावर १३१४ कोरलंय तुम्हीच! मी तो डिकॅल ठेवून दिलाय, कधीतरी दुसऱ्या कशालातरी लागेल.

मी काय केलं ते सांगते. अंगरख्याला मळकट पांढरा, टाक्यांच्या खाचांत पातळ तपकिरी सोडला, फुगीर भागावर परत फिका. कॉलर आणि काखेकडे पिवळट, तेलकट. १५२१ साली छापलेल्या एका स्कॉटिश इतिहासात डोंगराळ भागातले लोक असल्या लिननच्या अंगरख्याला मेण किंवा डांबर फासायचे असं आलंय, तो काळ नंतरचा आणि माणसं वेगळी, म्हणून मी अख्खा काळा नाही केला, नुसता खांद्यावर थोडा मेणचट चकाकी असलेला वॉर्निश मारला. जाळीला आधी काळा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने स्टील, मग गंजाचा पातळ हात. टोपाचा काठ मात्र घासून चमकवला, कारण माणूस टोप काठाला धरूनच काढतो-घालतो.

आता तक्रारी. साच्याची रेघ नेमकी जाळीच्या चिलखतावरून गेलीये. ती घासायला गेलं की कड्याही घासल्या जातात, न घासावं तर कानापासून खांद्यापर्यंत टाका घातल्यासारखी दिसते. शेवटी घासली, वर पुट्टीचा पातळ थर दिला आणि इंजेक्शनच्या सुईचं टोक कापून त्या नळीने एकेक कडी उमटवली, दोन रविवार त्यात गेले. टोपाच्या काठाखाली हवेचे पाच-सहा बुडबुडे होते, ते भरता येतात, खालून कोण बघतंय. पण टोप डोक्यावर बसतच नव्हता, मागून एक मिलिमीटर फट, त्यामुळे गडी टोपी उडालेल्या कंडक्टरसारखा दिसत होता. आतून खरवडून बसवला.

सगळ्यात वाईट म्हणजे भाला. कुरिअरच्या कृपेने एक तुकडा मोडलेला आणि दुसरा केळ्यासारखा वाकलेला. वाकलेलं रेझिन गरम पाण्यात धरून सरळ करता येतं, केलं, चार दिवसांत परत वाकलं. फोटो पाठवल्यावर कंपनीने एका ओळीत सॉरी म्हणून नवीन भाला पाठवला, तीन आठवड्यांनी आला, पैसे मागितले नाहीत. तोवर माझा धीर संपलेला, मी हार्डवेअरच्या दुकानातून ३ मिलिमीटरची पितळी नळी आणली. खरा दांडा ३ सेंटीमीटर जाड धरला तर या स्केलला तेवढीच येते. गंमत म्हणजे खरा भाला बारा फुटांच्या आसपास धरला तर १/१० मध्ये तो साडेछत्तीस सेंटीमीटर होतो, साडेसात सेंटीमीटरच्या बस्टवर! म्हणून किटमध्ये मुठीच्या वर-खाली कापलेला तुकडाच दिलाय, ते बरोबर केलंय.

नवीन कोणी घेणार असाल तर पहिलं काम, सगळे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने घासून धुवा, साच्याचं तेल राहिलं तर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, सोलून निघतो. पॉलिश पेपरने घासताना पाणी लावून घासा आणि मास्क घाला, रेझिनची धूळ फुप्फुसात जायला नको. प्रायमरचा स्प्रे भर पावसात मारू नका, माझा पहिला हात दमट हवेत पांढुरका उठला आणि सगळं परत धुवावं लागलं. डोकं आणि मूठ नुसत्या फेविक्विकवर सोडू नका, आत पितळी तारेची पिन घाला.

साडेसहा हजारात वर्थ आहे का? पहिलंच रेझिन किट असेल तर नको, जाळीवरची ती रेघ रडवेल. पाच-सहा बस्ट केलेले असतील तर डोळे झाकून घ्या, त्या चेहऱ्यासाठी आणि त्या गोधडीसाठी. माझा सध्या टीव्हीखालच्या शोकेसमध्ये आहे, सासूबाई पाहुण्यांना आवर्जून टाके दाखवतात, नाव मात्र "तो घमेलंवाला". कंपनीने पाठवलेला नवा भाला तसाच पाकिटात पडून आहे, पुण्यात कोणाला हवा असेल तर सांगा, सरळ आहे अजून तरी.