तीन वर्षं वापरलेला गेमिंग लॅपटॉप, दोन अपग्रेड आणि एक स्क्रू

खरं तर हे लिहायला बसलो ते एका स्क्रूपायी.

लॅपटॉप २०२२ च्या दिवाळीत कोल्हापुरात राजारामपुरीतनं घेतलेला, ६२ हजारांना. रायझेन ५ ५६००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० हे चार जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, डेटा साठवायला ५१२ जीबीचा एसएसडी.  घेताना दुकानदाराला एवढंच विचारलं होतं, "पुढं वाढवता येतंय न्हवं?" तो म्हणाला, "सगळं येतंय की! रॅम, एसएसडी, ग्राफिक्स, काय पाहिजे ते घाला." त्याच्या या एका वाक्यावर मी दहा हजार वाचवले आणि खालचं मॉडेल उचललं.

दिवसा उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपची ड्रॉइंगं, रात्री गेम. अडीच वर्षं तक्रार नव्हती. मग ५१२ भरला. आजकाल एकेक गेम शंभर जीबी खातो, त्यात कॅडच्या फायली. जून २०२५ मध्ये १ टीबीचा एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डात बसणारा पट्टीसारखा एसएसडी मागवला. तो बसायची दुसरी खोबण, म्हणजे एम.२ स्लॉट, रिकामा आहे हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवलेलं. मागचं झाकण खोललं, आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, निघालेले स्क्रू स्टीलच्या ताटात जिथले तिथं मांडले (कडेचे लांब, पुढचे आखूड, अदलाबदल झाली तर तळहाताखाली टेंगूळ येतं). एसएसडी खोबणीत सारला. तो तिरकाच उभा राहतो, दाबून टोकाला स्क्रू मारायचा असतो. स्लॉट आहे, स्क्रू बसवायचा पितळी खुंटा आहे, आणि स्क्रू नाही!

एम २ मापाचा, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीचा, तीन मिलिमीटर लांब. ज्यांच्या तीन पिढ्या आटे पाडण्यात गेल्या त्यांच्या घरात हा स्क्रू मिळू नये? आमच्याकडं एम ६ पासनं पुढं किलोवर मिळतात. एम २ चा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, ०.४ मिलिमीटर, तो कोण ठेवतोय. शेजारच्या टूलवाल्यानं मी दाखवलेलं माप बघून विचारलं, "घड्याळ दुरुस्तीला लागलास काय रं?"

सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या पोरानं कॉम्प्युटरवर पाच मिनिटं शोधून सांगितलं की स्क्रू सुटा येत नाही, पूर्ण किट मागवावं लागेल, त्याआधी जॉबशीट, आणि जॉबशीटला तपासणीचा चार्ज. वर म्हणाला, "तुम्ही स्वतः उघडलंय म्हणजे आम्ही जबाबदार नाही." मी मोबाइलवर कंपनीचंच मॅन्युअल काढून दाखवलं, रॅम आणि एसएसडी कसे बदलायचे ते चित्रांसकट दिलंय. तो म्हणाला, "ते बाहेरच्या देशासाठी असतंय." यावर काय बोलणार? परतलो आणि एसएसडी चिकटपट्टीनं दाबला. तीन आठवडे चालला. मग एकदा गाडीवरनं पन्हाळ्याला जाऊन आलो, घरी येऊन बघतो तर डी ड्राइव्ह गायब. उकाड्यानं पट्टी सुटून एसएसडी अर्धा वर आलेला. डेटा गेला नाही, जीव गेला.

ग्राफिक्सचं दुखणं वेगळं, ते २०२५ च्या दिवाळीत कळलं. एक नवीन गेम घेतला. त्याला किमान ६ जीबीचं कार्ड लागतं. मी दुकानदाराला फोन केला, कार्ड बदलून द्या. पलीकडं बराच वेळ शांतता. मग, "तसं न्हाई हो होत."

होत नाहीच. ग्राफिक्सची चिप मदरबोर्डला खालनं शेकडो बारीक गोळ्यांनी सोल्डर केलेली असते. तिची मेमरी तिच्या कडेनं बोर्डावरच. उष्णता बाहेर नेणारे हीटपाइप त्याच बोर्डाच्या मापानं वाकवलेले, अॅडॉप्टर तेवढ्याच वॅटचा. प्रोसेसरचंही तेच, इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत लॅपटॉपात प्रोसेसर काढता-घालता येणारे सॉकेट मिळायचे, आता सोल्डरच. पूर्वी जाडजूड लॅपटॉपात एमएक्सएम नावाची सुटी ग्राफिक्स कार्डं असायची, ती प्रथा जवळजवळ बुडाली. एकट्या फ्रेमवर्क कंपनीनं १६ इंची लॅपटॉपात ग्राफिक्सचं मॉड्यूल मागनं सरकवून बदलता येईल असं केलं आणि २०२५ मध्ये त्याला आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूलही दिलं. ते कोल्हापुरात कोण विकतोय?

आबांना हे समजावून सांगितलं. आमच्या लेथची (धातू कातायच्या यंत्राची) मोटर दोनदा बदलली, काम पकडणारा चक बदलला, बेड म्हणजे खालचा सांगाडा आजोबांच्या वेळचाच. ते म्हणाले, "मग ह्याचं इंजिन बदलत न्हाई, नुसती डिकी मोठी होती व्हय?"

इथवर नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'दुकानदार खोटारडा, फसलो' असं ठोकलं होतं. ते खोडलं. कारण जानेवारीत ८ जीबीची दुसरी रॅम घातली.

आधी रॅमची एकच स्टिक होती, म्हणजे सिंगल चॅनल, डेटाला ये-जा करायला एकच वाट. दोन झाल्या तसे गेममधले अडखळणारे झटके जवळजवळ गेले. गर्दीच्या सीनमध्ये सेकंदाला चाळिशीत लटकणारे फ्रेम्स साठीकडं गेले. असेंब्ली ड्रॉइंग उघडताना चहा करून यायचो, तो बंद झाला. चार जीबीचं ग्राफिक्स चार जीबीचंच राहिलं, टेक्श्चर (चित्रातला बारकावा) मध्यमवर ठेवावे लागतात, पण लॅपटॉप निदान दोन वर्षं तरुण झाला. म्हणजे दुकानदार तीनपैकी दोन गोष्टी खरं बोलला होता.

फक्त राग माझ्या कंजूषपणाचा. हीच स्टिक २०२३ मध्ये दोन हजारांच्या आत होती. "उतरंल अजून" म्हणून थांबलो. एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरी तिकडं वळली, २०२५ च्या शेवटी भाव भडकले, डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं आपला क्रूशियल ब्रँडच ग्राहकांसाठी बंद करायचं जाहीर केलं. मला दुपटीहून जास्त मोजावे लागले. नव्या पिढीची डीडीआर५ रॅम घेऊ म्हटलं तर ती या खाचेत बसत नाही, माझ्या डीडीआर४ ला २६० पिन, तिला २६२, मधला कापही वेगळ्या जागी. जुनी ती जुनीच.

त्यामुळं घ्यायचा असेल तर ग्राफिक्सला जे द्यायचंय ते पहिल्याच दिवशी द्या, तिथं पुढं काही होत नाही. नाव एकच असलं तरी वॅट बघा. आरटीएक्स ३०५० हीच ३५ वॅटवरही मिळते आणि ८० वरही. रॅमच्या दोन खाचा सुट्या आहेत का, का सोल्डर केलीय, ते मॅन्युअलमध्ये बघा, दुकानात विचारू नका. एम.२ स्लॉटमधनं केबल काढून बाहेरनं डेस्कटॉपचं कार्ड जोडणारी पोरं आहेत. वेगळा पॉवर सप्लाय, उघडं झाकण, लोंबणारी केबल. मग लॅपटॉप उचलायचा कसा हे त्यांनाच विचारा.

रॅम घालताना पंखाही साफ केला. आमच्या भागात हवेत लोखंडाचा कीस असतो, तो तिथं काळ्या नमद्यासारखा साचला होता. चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, बदलली, गेममध्ये ९५ अंशांवर जाणारं तापमान ८५ च्या आसपास आलं. दीडशे रुपयांची ट्यूब. खरं अपग्रेड म्हणाल तर हेच, फुकटात पडल्यासारखं.

आणि स्क्रू? महाद्वार रोडवर एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं मिळाला. त्यानं डबीतनं चिमट्यानं तीन काढले, कागदात बांधले, दहा रुपये घेतले. सर्व्हिस सेंटरला हे सांगायला मुद्दाम गेलो होतो, तो पोरगा रजेवर होता. उरलेले दोन झाकणाच्या आत चिकटवून ठेवलेत. लॅपटॉप विकताना काढून घेणार आहे.