इपॉक्सी-क्वार्ट्झची जमीन कोकणात: शेडकार्ड शेवटी उघडा

मिरकरवाड्यातली मासळीची शेड असो, देवगडातलं आंब्याच्या रसाचं युनिट असो की वेंगुर्ल्याचा काजू कारखाना, किनाऱ्यावर इपॉक्सीची, म्हणजे काँक्रीटवर पातळ पसरून घट्ट होऊ दिलेल्या रेझिनची, जमीन झिजून संपल्याचं क्वचितच दिसतं. ती उठते. पहिल्या पावसाळ्यात रुपयाएवढे फोड, दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे. माल नामांकित असला तरी हेच होतं, कारण बिघाड डब्यात नसतो, जमिनीखाली असतो. त्यामुळे इथे कंपन्यांची तुलना करण्याऐवजी कोणता प्रकार कुठे चालतो आणि कुठे पैसे पाण्यात जातात, तेच बघू.

‘इपॉक्सी’ या एका नावाखाली दुकानात चार निरनिराळ्या वस्तू मिळतात. पहिली फ्लोअर पेंट. दोन हात मिळून जेमतेम ०.२ मिमी जाडी. कोरड्या कोठीच्या खोलीला ठीक, बाकी कुठे नको. दुसरी सेल्फ-लेव्हल, १ ते ३ मिमी, आरशासारखी गुळगुळीत. फोटोत सर्वांत देखणी तीच, आणि ओल्या पायाने तिच्यावरून जाणारा माणूस सर्वांत आधी आपटतो तोही तिच्यावरच. तिसरी इपॉक्सी-क्वार्ट्झ: ओल्या रेझिनवर क्वार्ट्झची वाळू शिंपडून, वरून रेझिनने बंद केलेली सुमारे ३ मिमीची जमीन. चौथी पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट, ६ ते ९ मिमी. तिच्याकडे शेवटी वळू.

धुणं-पुसणं, गाड्यांची ये-जा, पाणी सांडणं हे सगळं जिथे आहे तिथे आमची पसंती क्वार्ट्झला. क्वार्ट्झची कठीणता मोहस् मापावर ७ आहे, म्हणजे घसटा रेझिनला न बसता दाण्याला बसतो. पाय धरून ठेवतो तोही दाणाच.

आता हार्डनर, म्हणजे रेझिनमध्ये कालवला की ते घट्ट करणारा दुसरा घटक. इपॉक्सीची बरीचशी माहितीपत्रकं थंड प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. लेह किंवा मनालीसारख्या ठिकाणी अडचण खरी असते: जमीन १० अंशांच्या खाली गेली की नेहमीचं इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणजे घट्ट होत नाही, डब्यातलं रेझिन साखरेसारखं दाणेदार होतं, भेगांत शिरलेलं पाणी गोठून काँक्रीट फोडतं. म्हणून तिकडे लवकर धरणारा, ‘विंटर ग्रेड’ हार्डनर लागतो. तोच डबा रत्नागिरीत एप्रिलमध्ये फोडला तर माल पसरायच्या आत बादलीतच तापून दगड होतो. ढोबळ हिशोब असा की दर १० अंशांना वापराचा वेळ निम्मा होतो. २५ अंशांना ३० मिनिटं मिळत असतील तर ३५ अंशांना १५. इथे टॉपकोट (सर्वांत वरचा हात) आणि मधल्या थरांसाठी सावकाश धरणारा हार्डनर मागा.

एक अपवाद मात्र आहे आणि तो गमतीचा आहे. फेनाल्कमीन नावाचा हार्डनर थंडीतही धरतो आणि ओलसर पृष्ठभागही बऱ्यापैकी सोसतो. तो बनतो कार्डानॉलपासून, आणि कार्डानॉल निघतं काजूच्या टरफलातल्या तेलातून. बर्फाळ मुलखासाठी नावाजलेली ही वस्तू दमट किनाऱ्याला प्रायमर, म्हणजे काँक्रीटला लागणारा पहिला हात, म्हणून चपखल बसते. तिचा रंग तपकिरी असतो आणि उन्हात आणखी काळवंडतो, पण प्रायमर वाळूखाली झाकलाच जातो. लवकर धरत असल्यामुळे एका वेळी थोडाच कालवायचा. उलट काजू कारखान्याच्या कोब्यात तेच टरफलाचं तेल मुरलेलं असेल, तर त्यावर कोणताही प्रायमर चिकटत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा: थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल आहे. धुऊन भागत नसेल तर तेवढा भाग छिन्नीने काढून नवा भरावा. मासळीच्या चरबीलाही हाच नियम.

खालच्या ओलीची तपासणी सोपी आहे, चुकतो तो फक्त महिना. ४५ सेमी लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवायचा, किमान १६ तासांनी उचलायचा. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला की ओल वर येते आहे. ठेकेदार ही चाचणी जानेवारीत करतात आणि ती अर्थातच पास होते. जांभ्याच्या आणि मातीच्या भरावावरची जोती पावसात पाणी पितात. खरं उत्तर श्रावण-भाद्रपदात मिळतं. तेव्हा तपासणी पावसात करावी आणि काम पौष-माघात.

ओल निघाली तर? डाग हलका असेल आणि स्लॅब धड असेल, तर दमट काँक्रीट चालणाऱ्या प्रायमरचे दोन हात, किंवा इपॉक्सी-सिमेंटचा तीन घटकांचा २ मिमीचा थर, आणि मग पुढची जमीन. भेगांतून पाणीच झिरपत असेल तर वरून काहीही लावू नये. आधी बाहेरचा गटार आणि जोत्याभोवतीचा उतार दुरुस्त करा. तेही जमत नसेल तर कोटा दगड बरा, त्याच्या सांध्यांतून ओल निघून तरी जाते. जांभ्याच्या चिऱ्यांवर थेट इपॉक्सी तर कधीच नको. ओढून पाहिल्यावर जमिनीने दर चौरस मिमीला १.५ न्यूटनचा ताण सोसायला हवा, आणि सच्छिद्र जांभा त्याआधीच खपली टाकतो. खाली २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, वर एम २५ प्रतीचं काँक्रीट, किमान २८ दिवसांची वाट आणि ४ टक्क्यांपेक्षा कमी ओल, हा पाया.

प्रायमरच्या आधी जमीन घासण्यासाठी डायमंड ग्राइंडर आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम. ॲसिडने धुऊन देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा: ॲसिड काँक्रीटवरची सिमेंटची कच्ची साय पुरती काढत नाही आणि जमिनीत पाणी मात्र मुरवतं. मोरीच्या कडेला, दाराशी, जिथे जिथे थर संपतो तिथे कटरने सुमारे १० मिमी खोल खाच घ्यायला सांगा. पाणी कडेनेच शिरतं. खाचेत उतरून बसलेली कड उचकटत नाही. प्रसरण सांधे झाकू नयेत, वरून पुन्हा कापून पीयू सीलंट भरावा.

वेळेचा पेच इथे सर्वांत अवघड. सकाळी जमीन तापत जाते, छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या प्रायमरमध्ये टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून प्रायमर उतरत्या तापमानात, म्हणजे दुपारनंतर लावावा. पण संध्याकाळी हवेतली आर्द्रता चढते आणि न सुकलेल्या इपॉक्सीवर पांढरट, साबणासारखा तेलकट थर येतो. हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन तो बनतो, आणि त्यावर लावलेला पुढचा हात सालीसारखा निघतो. काम तीनला सुरू करून पाचपर्यंत हातावेगळं करावं आणि रात्री शेड बंद ठेवावी. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री हवीच, नाहीतर दोन हातांच्या मधे मिठाचा पातळ थर बसतो. तो साबणासारखा थर आलाच तर कोमट पाणी आणि हिरवी घासणी. नुसतं थिनर फिरवून तो जात नाही.

आर्द्रतामापक आणि जमिनीचं तापमान दाखवणारं यंत्र ठेकेदाराकडे नसेल तर दुसरा ठेकेदार बघा. नियम असा की जमीन दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश गरम हवी. हवा ३० अंश आणि आर्द्रता ५५ टक्के असेल तर दवबिंदू २० च्या आसपास, काम बिनधास्त. तेच ३० अंश पण ८५ टक्के असतील तर दवबिंदू २७ वर जातो; जमीन ३० च्या वर नसेल तर डबा उघडूच नये.

आता मालाचा हिशोब, १०० चौरस फुटांसाठी. प्रायमर साधारण पावणेतीन किलो. मधले दोन थर, ज्यांवर वाळू शिंपडतात, मिळून १५ किलो रेझिन. टॉपकोट साडेचार किलो. दोन्ही वेळची मिळून ५५ किलो वाळू, ज्यातली न चिकटलेली बरीचशी झाडून परत मिळते. कोटेशनमध्ये रेझिन १५ किलोच्या खाली दिसलं तर ती क्वार्ट्झची जमीन नाही, वाळू भुरभुरवलेला रंग आहे. दर चौरस फुटाचा सांगोत, किलो लिहून घ्या.

वाळू दोन्ही वेळा ओलं रेझिन दिसेनासं होईपर्यंत शिंपडायची. कंजुषी केली की टकले डाग पडतात. दाणा ०.४ ते ०.८ मिमीचा, धुतलेला, भट्टीत सुकवलेला. कणकवली तालुक्यात कासार्ड्याला सिलिका वाळू निघते, म्हणून जवळची कच्ची वाळू पोत्यातून थेट टाकायचा मोह होतो. दमट वाळूने बुडबुडे येतात आणि मातकट वाळू रेझिनला धरत नाही. खाडीची रेती शिंपल्यांसकट आणि मिठासकट येते, ती विषयच नाही. शिंपडणाऱ्यांनी मास्क आणि नायट्राइल हातमोजे घालावेत.

टॉपकोट किती द्यायचा हे जागेवर ठरतं. मासळी साफ करायच्या जागी एकच पातळ हात, दाणे टोचते ठेवून. खवले अडकतात, त्यामुळे तिथे फडकं चालत नाही, ताठ ब्रश लागतो. होमस्टेच्या पडवीला दोन हात, नाहीतर अनवाणी पाहुणे तक्रार करतील. पडवीवर ऊन येतं म्हणून शेवटचा हात ॲलिफॅटिक (ऊन सोसणाऱ्या) पीयूचा घ्यावा, इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. चालायला २४ तास, धुवायला आणि मालाला ७ दिवस.

क्वार्ट्झ हरते ती गरम पाण्यापुढे. साधं इपॉक्सी ५०–६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. आंब्याच्या रसाच्या किंवा कोकम सरबताच्या युनिटात कढईखाली, वाफेच्या नळीजवळ, आणि आंबट रस रोज सांडतो तिथे पीयू काँक्रीटच घ्यावं. महाग पडतं, म्हणून सगळीकडे नको. तेवढा पट्टा त्याचा, उरलेली जमीन क्वार्ट्झची, मधे सांधा.

वॉरंटीच्या कागदावर ‘खालच्या ओलीमुळे आलेले फोड वगळून’ ही ओळ बहुधा असतेच. ती खोडता येत नसेल, तर भाद्रपदातल्या प्लास्टिकच्या तुकड्याचा तारखेसह फोटो आणि कामाच्या दिवसांच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी ठेकेदाराच्या सहीनिशी त्याच कागदाला जोडून घ्या. त्याच लॉटची किलोभर रंगीत वाळूही बाजूला ठेवा. पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही.